धुराड्यातली दोन किलोवॅट

राहू गावच्या बापूसाहेबांच्या गुऱ्हाळावर लाईट गेली की सगळ्यात आधी धुराड्याचा पंखा थांबायचा. धुराडं बुटकं, म्हणून धूर ओढायला त्याच्या बुडाशी हा पंखा बसवलेला. तो थांबला की रस उकळायच्या भट्टीतली, चुलवाणातली आग बावचळायची. पुढं जायला वाट नाही म्हटल्यावर माघारी फिरायची आणि ज्या तोंडातून उसाचं चिपाड आत टाकतात त्याच तोंडातून हातभर बाहेर यायची. जनरेटर होता, पण तो सुरू होईस्तोवर जे व्हायचं ते होऊन जायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या माघात तसंच झालं. चुलवाणापुढं ताईबाई बसल्या होत्या. रस काढून उरलेली, वाळलेली चिपाडं आगीत ढकलायचं काम त्या अठरा हंगाम करत आलेल्या. लाईट गेली, जाळ बाहेर आला आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बापूसाहेबांनी स्वतः गाडीत घालून त्यांना दौंडला नेलं. जखम भरून आली, पण बोटं पुरती मिटेनात. ताईबाई डाव्या हातानं चिपाड टाकायला शिकल्या आणि पुढच्या हंगामाला परत त्याच जागी येऊन बसल्या. घरी करमत नाही म्हणाल्या.

त्यांची लेक करुणा. राहूच्या बौद्धवस्तीत वाढलेली, दहावीनंतर आयटीआयला फ्रीज-एसी दुरुस्तीचा ट्रेड घेतलेली. वर्गात एकटीच मुलगी. सरांनी पहिल्या दिवशी तिला हजेरीचं रजिस्टर सांभाळायला बसवलं. दुसऱ्या दिवशी ती रजिस्टर टेबलावर ठेवून पाना घेऊन बाकावर जाऊन उभी राहिली. आता वय छत्तीस. सणसवाडीच्या एका वर्कशॉपात दूध आणि आईस्क्रीम वाहणाऱ्या थंड गाड्यांची यंत्रं ती दुरुस्त करते. नवरा, नवनाथ, कंपनीची बस चालवतो. दोघं तिथंच भाड्याच्या खोलीत राहतात.

तिची एक सवय वर्कशॉपात सगळ्यांना माहीत. गाडी आली की गेज लावायच्या आधी ती नळ्यांवर तळहात ठेवते. ही गरम, ही कोमट, ही गार. निम्मं दुखणं तिथंच कळतं.

बापूसाहेबांचा मुलगा सत्यजीत मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला चार वर्षं नोकरी करून तो गावी परतला होता. ताईबाईंचा हात भाजला तेव्हा तो गुऱ्हाळावरच होता आणि ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. त्यानं ठरवलं, धुराड्यातून जी उष्णता वाया जाते तिच्यावर वीज करायची. पंखा लागतो तो चुलवाण पेटलेलं असतानाच, आणि उष्णताही तेव्हाच असते. मग बाहेरच्या लाईटवर विसंबायचं कशाला? विचार चोख होता. पुण्याच्या एका विक्रेत्याकडून तो छोट्या टर्बाइनचं गुळगुळीत कॅटलॉगही घेऊन आला.

बापूसाहेबांनी कॅटलॉग उलटसुलट पाहिलं आणि खाटेवर ठेवलं. ताईबाई तिथंच चिपाडाचा भारा सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या पोरीला दावा की. तिला गरम-गारचं कळतं."

बापूसाहेब हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

सणसवाडीला सुट्टी गुरुवारची. त्या गुरुवारी करुणा आली, कॅटलॉग चाळलं आणि सत्यजीतला तीन प्रश्न विचारले. धूर किती गरम आहे? दिवसभर तेवढाच असतो का? आणि विहिरीचं पाणी किती गार?

सत्यजीतनं पहिल्याला अंदाज ठोकला. "साडेतीनशे डिग्री असेल," तो म्हणाला.

"असेल नको, दादा. मोजू."

पुढचे तीन गुरुवार तिनं फक्त मोजलं. धुराड्याच्या बुडाशी तापमापक घातला आणि दर दहा मिनिटांनी आकडा वहीत लिहिला. गंमत अशी निघाली, की ताईबाईंनी चिपाड टाकलं की आकडा चारशेवर जायचा आणि ते ढणाणा जळून संपलं की अडीचशेवर यायचा. गूळ शिजवणारे गुळव्या म्हाळूमामा मोठ्या कढईतला, काहिलीतला रस पाहून "जाळ कमी करा" म्हणाले की आणखी खाली. विहिरीचं पाणी मात्र दिवसभर सव्वीस.

"टर्बाइन न्हाई चालायचं," तिनं चौथ्या गुरुवारी सांगितलं.

सत्यजीतचा चेहरा उतरला. "का? मोठमोठ्या पॉवर स्टेशनांत टर्बाइनच असतं, ताई. पाटसच्या साखर कारखान्यावरही टर्बाइनच आहे."

"तिथं मोठं हाय म्हणून चालतंय. पात्याच्या कडेनं थोडी वाफ निसटतीच. मोठ्याला ती कळत बी न्हाई. आपलं येवढंसं," तिनं मूठ दाखवली, "त्यात निसटलेलीच जास्त व्हायची. आन् येवढं लहान टर्बाइन मिनिटाला पन्नास हजार फेरे फिरवायला लागतं. बेअरिंग कोण सांभाळणार? शिवाय आपला जाळ वरखाली. त्याला एकसारखं लागतं."

"मग काय घ्यायचं?"

करुणानं अंगणातल्या मातीत बोटानं दोन वळणं काढली, एकात एक अडकलेल्या दोन जिलब्यांसारखी. थंड गाड्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये अशाच दोन चकत्या असतात, तिनं समजावलं. इंजिन त्यातली एक फिरवतं आणि मधला गॅस दाबला जातो. तेच उलटं करायचं. दाबलेला गरम गॅस मधोमध सोडायचा, तो पसरता पसरता चकतीला फिरवील आणि चकती वीज करणाऱ्या अल्टरनेटरला. धुरानं पाणी तापवायचं, पाण्यानं गॅस उकळायचा, चकती फिरवून झाली की विहिरीच्या पाण्यानं त्याला पुन्हा पातळ, म्हणजे द्रव करायचं आणि पंपानं परत वर ढकलायचं.

"म्हंजी फ्रीज उलटा चालवायचा," बापूसाहेब म्हणाले.

"व्हय. आन् गॅस डायरेक धुराड्यात न्यायचा न्हाई. मधी पाणी पायजेच. जाळ चारशे होऊ दे न्हाईतर अडीचशे, पाणी ऐंशीच्या पुढं जाऊ द्यायचं न्हाई. मग गॅसला झटका बसत न्हाई."

सत्यजीतनं मोबाईलवर हिशेब केला. मग म्हणाला, "शंभर भाग उष्णता घातली तर सहाच भाग वीज मिळते, ताई. सहा! आणि त्यातलंही थोडं पंपच खाणार."

"आत्ता शंभरातलं शंभर आभाळात चाललंय."

बापूसाहेबांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "तिचं ऐक," ते मुलाला म्हणाले. मग करुणाकडं वळून, "पण बघ हां. वीज करणार म्हणून गावात सांगून बसलोय मी."

हे शेवटचं वाक्य करुणाच्या मनात राहिलं. टर्बाइन बिघडलं असतं तर विक्रेत्याला शिव्या पडल्या असत्या. आता बिघडलं तर ताईबाईच्या पोरीनं बिघडवलं म्हणणार.

एकेक भाग निवडायला दिवाळी ते संक्रांत गेली. सगळ्यात पहिल्यांदा तिनं काय घेतलं तर सेफ्टी वॉल्व्ह, तोही कोरा. "बाकी जुनं चालंल, ह्ये न्हाई," ती म्हणाली. यंत्राच्या एका तोंडाला पंचवीस किलोचं प्रेशर असणार होतं आणि चार पावलांवर तिची आई बसणार होती.

कॉम्प्रेसर तिनं सणसवाडीला, मोडीत काढलेल्या गाड्यांमधून उचलला. पाच पडले होते. तिनं प्रत्येकाचा दांडा हातानं फिरवला. एक अडकत होता, दोन खरखरत होते, चौथा फारच सैल. पाचवा जड पण एकसारखा फिरला, दही घुसळल्यासारखा. तो तिनं खोलला आणि गॅस माघारी जाऊ नये म्हणून आत बसवलेली पाकळी काढून टाकली. आता गॅस माघारीच जाणार होता, तीच तर त्याची नवी वाट. गॅस उकळायला आणि पातळ करायला तिनं पत्र्यापत्र्यांच्या चपट्या पेट्या घेतल्या, ज्यांत एका बाजूनं पाणी आणि दुसऱ्या बाजूनं गॅस जातो. सत्यजीतला त्या छोट्या वाटत होत्या. त्यानं मापं काढली, तेव्हा गार करणारी पेटी खरंच छोटी निघाली, मग ती बदलून दीडपट घेतली. करुणानं ते बिनतक्रार मान्य केलं. पंप सत्यजीतनं निवडला, हिशेबापेक्षा मोठाच, कमी पडायला नको म्हणून.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी पहिल्यांदा चालू केलं. सकाळचे दहा. चरकाचं डिझेल इंजिन धडधडत होतं, काहिलीत रस उकळत होता. वस्तीतली आणि गावातली वीस-पंचवीस माणसं येऊन उभी राहिली होती. पाणी ऐंशीवर आलं, करुणानं वॉल्व्ह सोडला. चकती हलली, पट्टा फिरला, अल्टरनेटर घुमू लागला आणि खांबावरचा बल्ब लागला. माणसं टाळ्या वाजवायला लागली.

दहा मिनिटं.

मग पंपातून आवाज यायला लागला, गारगोट्या दळल्यासारखा. प्रेशर पंचवीसवरून अठरा, अठरावरून बारा. बल्ब पिवळा झाला, लाल झाला आणि गेला. करुणानं वॉल्व्ह बंद केला. पाच मिनिटं थांबून पुन्हा सोडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

माणसं पांगायला लागली. कुणीतरी म्हणालं, "जुन्या गाडीचा कॉम्प्रेसर, कसला चालतोय!" बापूसाहेब खाटेवरून उठताना अर्धवट सत्यजीतला, अर्धवट स्वतःशी म्हणाले, "टर्बाइनच घ्यायला पायजे व्हतं."

करुणाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला वाटलं, हत्यारं पिशवीत भरावी आणि दुपारची एसटी धरावी. ताईबाईंनी चुलवाणापुढून एकदा तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा चिपाड उचललं. आईनं काही विचारलं नाही, त्यानंच ती थांबली.

यंत्र अजून गरम होतं. तिनं गेजांकडं पाठ केली आणि सवयीनं नळ्यांवर तळहात ठेवत निघाली. पाण्याची नळी चटका देणारी, ठीक. चकतीत जाणारी गरम, ठीक. चकतीतून निघणारी कोमट, ठीक. गार करणाऱ्या पेटीनंतरची टाकी, जिच्यात पातळ झालेला गॅस साठायचा, ती जमिनीवर ठेवली होती, पंपाच्या शेजारी. तिथून पंपात जाणाऱ्या वीतभर नळीवर तिनं हात ठेवला. नळी गार असायला हवी होती. ती कोमट होती, आणि आत काहीतरी बारीक बुडबुडत होतं. हाताला कळत होतं.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग तिला सगळं दिसलं.

पंधरा वर्षं तिनं एकच गोष्ट जपली होती, की कॉम्प्रेसरमध्ये पातळ गॅस जाता कामा नये. गेला तर कॉम्प्रेसर फुटतो. इथं तिनं फ्रीज उलटा केला, पण भीती उलटी करायची राहून गेली. इथं चकतीला धोका नव्हताच. धोका पंपाला होता. पंपात पातळच जायला हवं, बुडबुडा चालणार नाही. आणि टाकी जमिनीवर ठेवल्यामुळं पंपाला ते ओढून घ्यावं लागत होतं, ओढता ओढता तोंडाशीच ते उकळत होतं. चकती निर्दोष होती. पंपही निर्दोष होता. टाकीची जागा चुकली होती, आणि ती जागा करुणानं स्वतः दाखवली होती.

एक क्षण तिच्या मनात आलं, कुणाला सांगायचं नाही. गुपचूप टाकी हलवायची, दुरुस्ती केली म्हणायचं. सणसवाडीला गडी माणसांनी असं केलेलं तिनं शंभरदा पाहिलं होतं.

ती उठली आणि बापूसाहेबांच्या खाटेपाशी गेली. सत्यजीत तिथंच डोक्याला हात लावून बसला होता.

"चूक सापडली," ती म्हणाली. "माझीच हाय. टाकी मी खाली ठिवली, ती वर पायजे व्हती. सा फूट वर. म्हंजी गॅस आपसूक पंपात उतरंल, त्याला ओढायला लागायचं न्हाई. आन् टाकीच्या खालच्या नळीभवती विहिरीच्या पाण्याची एक गुंडाळी द्यायची. कॉम्प्रेसरला काय बी झालेलं न्हाई."

चूक झाली म्हणून स्वतःहून सांगायला आलेला मिस्त्री बापूसाहेबांनी आजवर पाहिला नसावा.

सत्यजीतनं मान वर केली. "नुसती तुमची नाही, ताई," तो हळूच म्हणाला. "पंप मी दुप्पट घेतला. मोठा पंप जास्त जोरानं ओढतो. त्यानं आणखी उकळलं असणार. त्याचा वेग अर्ध्यावर आणायला पाहिजे."

"दोघांची म्हना," बापूसाहेब म्हणाले. "आता कवा व्हईल त्ये सांगा."

"पुढच्या गुरुवारी."

तो आठवडा करुणाला महिन्यासारखा गेला. टाकी वर केली आणि तरीही बंद पडलं तर? नवनाथ तिला म्हणाला, "तू रोज गाड्या चालू करती, तवा न्हाई घाबरत." ती म्हणाली, "गाड्या माझ्या आईच्या म्होरं न्हाई उभ्या ऱ्हात."

पुढच्या गुरुवारी या वेळी बघायला कुणी आलं नाही. ते बरंच झालं. लोखंडी मांडणी करून टाकी सहा फुटांवर चढवली होती. नळीभवती गार पाण्याची गुंडाळी होती. सत्यजीतनं पंपाचा वेग कमी केला होता. करुणानं वॉल्व्ह सोडला आणि पंपावर हात ठेवून बसली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. नळी गार होती. पंप मांजरासारखा घुरघुरत होता, गारगोट्या कुठंच नव्हत्या. प्रेशर पंचवीसवर खिळलेलं. ताईबाईंनी मोठा भारा टाकला, धूर चारशेवर गेला, पण पाणी ऐंशीवरच राहिलं आणि बल्ब हललासुद्धा नाही.

"पंप सोडून दोन किलोवॅट," सत्यजीत मीटर बघून म्हणाला.

आधी पंप आणि गार पाण्याची मोटर नव्या विजेवर घेतली, मग धुराड्याचा पंखा. मग रस वर चढवायची मोटर. मग सगळे दिवे. एकेक करून, मध्ये श्वास घेऊन.

दुपारी तीनच्या सुमाराला शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज थांबला. गावातली लाईट गेली होती. म्हाळूमामांनी सवयीनं हाक दिली, "ताईबाई, सरका मागं!" ताईबाई सवयीनं मागं सरकल्या, भाजलेला हात पोटाशी धरून. करुणाही उभी राहिली. सगळ्यांची नजर चुलवाणाच्या तोंडाकडं.

जाळ आतच राहिला. धुराड्याकडं ओढला जात, मान खाली घालून निमूट जळत राहिला. पंखा फिरत होता.

ताईबाई पुन्हा पुढं आल्या, पाटावर बसल्या आणि डाव्या हातानं एक भारा आत ढकलला. "ह्याला म्हन्त्यात शिस्त," त्या आगीला म्हणाल्या.

करुणा चिपाडाच्या ढिगावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तोंड पुसायला पदर घेतला तर तो ग्रीसनं काळा झालेला. म्हाळूमामांनी काहिलीच्या कडेचा गरम गूळ पळसाच्या पानावर घालून तिच्या हातात दिला. "खा पोरी, सकाळधरनं काय बी पोटात न्हाई तुझ्या." तिनं जीभ भाजून घेत तो खाल्ला.

बापूसाहेब आले. कॅटलॉगचा विषय त्यांनी काढला नाही. टाकीकडं, मांडणीकडं, गेजांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "करुणाताई, ह्याचं काय बिघडलं तर आमच्या कुणाला हात लावून देऊ नका. तुम्ही नसला तर बंद ठिवू." आजवर ते तिला कधी ताई म्हणाले नव्हते. तिनं मान हलवली.

हंगाम मार्चअखेर संपला. तोवर लाईट किती वेळा गेली याची नोंद कुणी ठेवली नाही, कारण गुऱ्हाळावर ते कळायचंच बंद झालं होतं. शेवटच्या काहिलीनंतर करुणानं यंत्र खोललं. तिला धाकधूक होती ती चकत्यांची. त्यांच्यावर एकही ओरखडा नव्हता. पट्टा तेवढा झिजला होता, आणि सेफ्टी वॉल्व्ह एकदाही उडालेला नव्हता.

त्यानंतर पाटसच्या बाजूचे एक गुऱ्हाळवाले येऊन गेले. आम्हालाही असंच करून द्या म्हणाले, यंत्राचे फोटो काढले, टाकीची उंची टेपनं मोजायला लागले. करुणानं त्यांना चहा दिला आणि एक कोरी वही हातात ठेवली.

"टाकीचं नंतर बघू, आप्पा," ती म्हणाली. "आधी तीन आठवडं धूर मोजा. तुमचा जाळ निराळा असंल, पाणी निराळं असंल. तुमाला हीच चकती लागंल असं आत्ताच कशाला म्हनू?"

ते जरा हिरमुसून गेले. पण वही घेऊन गेले. संध्याकाळच्या एसटीत करुणाला खिडकीशी जागा मिळाली. गावची शीव मागं पडायच्या आतच तिला झोप लागली, आणि ती गाढ झोपली.